किल्ल्याच्या पायथ्याशी अर्कमूर्तींनाही जागा असावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीत बेळगावच्या शहापुरातील आमच्या गल्लीतल्या मुलांनी नेहमीप्रमाणे किल्ला बांधला आणि त्याच्या पायथ्याशी, जिथे ती दरवर्षी भरलेला बाजार दाखवतात तिथे, स्वतः घडवलेल्या शाडूच्या आठ लहान मूर्ती मांडल्या. एकही मूर्ती वीतभर उंच नव्हती आणि प्रत्येकीचे डोके तिच्या धडाएवढे मोठे होते. काठी टेकून पाय फाकून उभा असलेला चार्ली चॅप्लिन, डोळे मिटून हाताने हवेतला सूर धरू पाहणारे पंडित भीमसेन जोशी, पुढचे दात आणि चष्मा यांवरून दुरूनच ओळखू येणारे पु. ल. देशपांडे, लोंबत्या नाडीच्या अर्ध्या चड्डीतले दादा कोंडके, कुरळ्या केसांचा सचिन तेंडुलकर आणि आमच्या इकडे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांच्या घरांत सारख्याच मायेने ज्यांचे चित्रपट पाहिले गेले ते कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार अशी ती मंडळी होती. उरलेल्या दोन मूर्ती गल्लीतल्याच दोन वडीलधाऱ्यांच्या होत्या आणि त्या दोघांनी मुलांना हसत हसत संमती दिली होती. किल्ला पाहायला आलेल्या कोणालाही एकाही मूर्तीचे नाव विचारावे लागले नाही. किल्ला स्पर्धेच्या परीक्षणासाठी आलेल्या मंडळींनी मात्र या मूर्तींमुळे गुण कमी केले. थोरामोठ्यांची ही थट्टा आहे आणि शिवकालीन देखाव्यात ती विसंगत दिसते, असे कारण त्यांनी दिले. त्याच रात्री मुलांनी आठही मूर्ती उचलून कागदात गुंडाळल्या.

परीक्षकांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची मूर्ती प्रमाणबद्ध, देखणी आणि सिंहासनावर विराजमानच असली पाहिजे याविषयी मुलांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. महाराजांची आणि मावळ्यांची मातीची चित्रे त्यांनी दरवर्षीप्रमाणे खडेबाजारातून निवडून आणली होती. माझे म्हणणे केवळ पायथ्याच्या बाजारापुरते आहे. त्या बाजारात आपण वर्षानुवर्षे प्लास्टिकच्या मोटारी, जिराफ आणि कधी कधी हेलिकॉप्टरही खपवून घेत आलो आहोत. मग मुलांनी स्वतःच्या बोटांनी घडवलेला चेहरा तेवढा विसंगत का ठरावा, हे मला समजले नाही. मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे आणि चौतीस वर्षे अशाच मोठ्या डोक्याच्या, प्रसिद्ध व्यक्तींच्या लहान मूर्ती जमवत आलो आहे, म्हणून या विषयावर चार शब्द सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

कॅरिकेचरला आपण मराठीत अर्कचित्र म्हणतो. हा शब्द मला मूळ शब्दापेक्षाही नेमका वाटतो, कारण त्यात टिंगलीचा मागमूस नाही. पाने उकळून अर्क काढावा तसा चेहऱ्यातला अनावश्यक भाग उडवून जे उरते ते अर्कचित्र, आणि तेच मातीत, लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये उतरवले तर त्याला अर्कमूर्ती म्हणायला हरकत नसावी. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, असे आम्ही वर्गात शिकवत असू. अर्कमूर्तीत ती दोन किंवा तीन पटींवर आणली जाते. त्यामुळे चेहऱ्याला जागा मिळते, पण एक अडचणही उभी राहते. एवढे जड डोके बारीक मानेवर टिकत नाही. ओल्या मातीत ते पुढे झुकते आणि वाळताना मानेलाच तडा जातो. म्हणून जाणता कारागीर गळ्यात उपरणे घालतो, कॉलर उभी करतो, लांब केस खांद्यावर सोडतो किंवा दाढी छातीपर्यंत उतरवतो. आमच्या गल्लीतल्या मुलांना हे कोणीही शिकवले नव्हते. भीमसेनजींची मान दोनदा मोडल्यावर तिसऱ्या वेळी त्यांनी खांद्यावर शाल घातली आणि मूर्ती उभी राहिली. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत शिल्पकलेचा याहून चांगला पाठ मी क्वचितच पाहिला.

ही कला खेळण्यांच्या कारखान्यात जन्मलेली नाही. फ्रान्समध्ये १८३० नंतरच्या दशकात ओनोरे दोमिए या चित्रकाराने आपल्या काळातील खासदारांचे आणि मान्यवरांचे अर्धपुतळे कच्च्या मातीत घडवून रंगवले. त्यांपैकी ३६ पुतळे आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. माती भाजलेली नव्हती, तरीही ते जवळजवळ दोनशे वर्षे टिकले, ही गोष्ट शाडूत काम करणाऱ्या आपल्या मूर्तिकारांनी आवर्जून लक्षात घ्यावी. त्याच काळात त्याच शहरात दांताँ नावाचा शिल्पकार संगीतकारांच्या आणि लेखकांच्या छोट्या अर्कमूर्ती करत असे आणि लोक त्या घरी नेऊन ठेवत. म्हणजे प्रसिद्ध माणसाची मोठ्या डोक्याची मूर्ती फळीवर मांडण्याचा छंद नवाही नाही आणि केवळ मुलांचाही नाही.

आपल्याकडे मान डोलावणारी तंजावरची बाहुली तर कितीतरी घरांत असते. पाश्चात्त्य देशांत तिच्या जातीच्या डोके हलणाऱ्या बाहुल्यांना बॉबलहेड म्हणतात. ९ मे १९९९ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल संघाने आपला जुना खेळाडू विली मेज याच्या ३५,००० बाहुल्या प्रेक्षकांना वाटल्या आणि तिथून या संग्रहाची लाट नव्याने उसळली. त्याआधी, १९९५ पासून, ब्रिटनमधील कोरिंथियन कंपनीने फुटबॉलपटूंच्या दोन-अडीच इंची मूर्ती बाजारात आणल्या होत्या. माझ्या संग्रहात त्यांतल्या अकरा आहेत आणि त्या मला फार प्रिय आहेत, कारण त्यांत प्रत्येक खेळाडूचे नाक, हनुवटी आणि केसांचा भांग वेगळा आहे. नुसता चेहरा पाहून नाव सांगता येते.

आज आपल्या शहरातील मुले ज्या मूर्ती मागतात त्या बहुधा फंको पॉप या प्रकारातल्या, किंवा त्यांच्या नकला असतात. फंको ही कंपनी १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली, तिचीही सुरुवात बॉबलहेडपासूनच झाली, आणि पॉप ही मालिका २०१० च्या सुमारास आली. मी त्यांचा द्वेष करत नाही, माझ्याकडेही त्यांतल्या सहा मूर्ती आहेत. पण त्यांना अर्कमूर्ती म्हणणे मला पटत नाही. चौकोनी डोके, काळे गोल डोळे आणि बहुतेकदा तोंडच नाही, असा एकच साचा गायकाला, नटाला आणि अंतराळवीरालाही चालतो. ओळख पटते ती कपड्यांवरून, केसांवरून आणि खोक्यावरच्या नावावरून. अर्कचित्रकार जे शोधायला दिवस दिवस बसतो, तेच इथे आधी पुसून टाकलेले असते. एकाच साच्यातून भरमसाट माल काढण्याचा शेवट काय होऊ शकतो तेही दिसले आहे: मार्च २०२३ मध्ये याच कंपनीने ३ ते ३.६ कोटी डॉलर किमतीचा न खपलेला माल नष्ट करण्याचे जाहीर केले. ती बातमी वाचून मला वाईट वाटले. कोणाच्या तरी आवडत्या माणसांच्या त्या मूर्ती होत्या.

खरेदीचा माझा अनुभवही सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका क्रिकेटपटूची मूर्ती मी ऑनलाइन मागवली आणि तिच्यासाठी २,८०० रुपये मोजले. आली ती मूर्ती नकली होती. एक डोळा गालावर उतरलेला, रंग बोटाला लागणारा आणि प्लास्टिकला असा उग्र वास की खोके पडवीत ठेवावे लागले. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, त्यामुळे अस्सल परदेशी मूर्ती सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेल्या आणि नकलांना वाव मिळाला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहूनच पालकांनी खरेदी करावी. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना मात्र या अटीतून सूट दिलेली आहे, आणि माझ्या मुख्य मुद्द्याशी हीच गोष्ट निगडित आहे.

हा मुद्दा असा की, अर्कमूर्तींसाठी लागणारे सारे काही आपल्या या सीमाभागात आहे आणि तरी आपण त्या बाहेरून मागवतो. खानापूरची माती नामांकित आहे. तिच्यामुळेच तिथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय कुंभारकाम संस्था उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यात गोकाकला रंगीत लाकडी खेळण्यांची आणि हुबेहूब फळांची परंपरा आहे, घाट उतरून गेले की सावंतवाडी आहे, आणि कर्नाटकात चन्नपट्टण व किन्नाळ आहेत. अर्कचित्राची नजरही इथलीच आहे. आपल्या शब्दांविना हास्यचित्रांनी मराठी मासिकांची मुखपृष्ठे गाजवणारे शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी निपाणीजवळच्या भोज गावी झाला. आणि चेहरे? कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, पु. ल. बेळगावच्याच राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. गंगूबाई हनगळ, मल्लिकार्जुन मन्सूर आणि भीमसेन जोशी हे सारे धारवाड-हुबळी-गदगचे, आपल्या शेजारचे. गंगूबाईंची लहानखुरी चण आणि तो भरदार आवाज एकाच मूर्तीत कसा दाखवावा, या विचारात मी गेले वर्षभर चिकणमाती मळत आहे. अजून जमलेले नाही, पण वाटते की डोके नव्हे तर उघडलेले तोंड मोठे करावे लागेल.

हाताला काम हवे असलेले कारागीरही आहेत. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे गणेशमूर्तींचे काम सुरू होते, चतुर्थीनंतर दुर्गामूर्ती, मग दिवाळीसाठी महाराज, मावळे आणि गवळणी. त्यानंतर कॅम्प भागात ओल्डमनची लगबग चालते. गवताने भरलेली, कोट-टोपी घातलेली ती म्हातारी माणसे म्हणजे खरे तर आपल्या शहराची सर्वांत लाडकी अर्कशिल्पेच, पण ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री ती जाळायचीच असतात, त्यामुळे संग्राहकाच्या हाती काही उरत नाही. जानेवारी ते एप्रिल हे चार महिने माझ्या ओळखीचे दोन मूर्तिकार रंगकामाची रोजंदारी शोधत फिरतात. डोळ्यांची आखणी करताना ज्याचा हात केसाएवढाही हलत नाही, त्याने भिंतीला चुना फासावा हे मला पाहवत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांतल्या एकाकडून मी एअर इंडियाच्या महाराजाच्या धर्तीवर, म्हणजे १९४६ साली बॉबी कूका आणि उमेश राव यांनी रेखलेल्या त्या झुकलेल्या मिशाळ आकृतीची ऐट समोर ठेवून, आमच्या एका दिवंगत मुख्याध्यापकांची मूर्ती करून घेतली. त्यांच्या घरच्यांनी छायाचित्रे दिली, कारागिराने तीन दिवस खपून चेहरा उतरवला, मी ९०० रुपये दिले. ती मूर्ती पाहून त्यांच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला आणि मग त्या बराच वेळ हसत राहिल्या. अर्कमूर्तीने अपमान होतो असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवे होते.

कायद्याच्या अंगानेही थोडे स्पष्ट करतो, कारण परीक्षकांपैकी एकाने तोही प्रश्न काढला होता. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याच्या ओळी वाजवणाऱ्या बाहुल्या परवानगीविना विकल्या जात होत्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये गायकाच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे जिवंत प्रसिद्ध व्यक्तीच्या रूपावर धंदा करायचा तर तिची संमती हवी, आणि ते योग्यच आहे. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही नमूद केले की लोकशाही समाजात अर्कचित्र, विडंबन यांसारख्या गोष्टी या हक्काचा भंग ठरतीलच असे नाही. मुलांनी किल्ल्यापुरत्या घडवलेल्या, विक्रीला न ठेवलेल्या मूर्तींना या निकालाची भीती दाखवणे योग्य नव्हे. मूर्तिकारांनी विक्रीसाठी काम करताना मात्र जिवंत व्यक्तीची, आणि दिवंगत व्यक्ती असेल तर तिच्या घरच्यांची, लेखी परवानगी घ्यावी, असे मी माझ्या ओळखीच्या दोघांनाही सांगितले आहे.

आता विसंगतीच्या आक्षेपाविषयी. इटलीतील नेपल्स शहरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक अरुंद गल्ली आहे. नाताळात घरोघरी येशूजन्माचा देखावा मांडण्याची तिथे जुनी प्रथा आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या मातीच्या मूर्ती या गल्लीतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बेथलेहेमच्या गोठ्याभोवती तिथे नेपल्सचाच बाजार भरतो, आणि त्याच कारागिरांच्या फळ्यांवर मेंढपाळांच्या शेजारी मॅराडोना, पुढारी आणि नट यांच्याही छोट्या मूर्ती मांडलेल्या असतात. मूळ प्रसंगाचे पावित्र्य तिथे अबाधित राहते आणि कारागिराला वर्षभर काम मिळते. आपल्या किल्ल्याची रचना याहून वेगळी नाही: वर सिंहासन, मध्ये तटबंदी, खाली आपला बाजार. तो बाजार शिवकालातलाच असावा असा आग्रह असेल तर प्लास्टिकची मोटार आधी जावी.

म्हणून शहरातील आणि तालुक्यातील किल्ला स्पर्धांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, येत्या दिवाळीत हाताने घडवलेल्या मूर्तींना, मग त्या मावळ्यांच्या असोत वा अर्कमूर्ती असोत, वेगळे गुण ठेवावेत आणि विकतच्या प्लास्टिकला ते देऊ नयेत. महाराजांच्या आणि देवदेवतांच्या मूर्तींबाबत अर्करूप चालणार नाही, हा नियम खुशाल लेखी घालावा. मुले तो आनंदाने पाळतील. वाचकांनाही सांगणे आहे की, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुन्या मातीच्या किंवा कागदी लगद्याच्या बाहुल्या निघाल्या तर त्या नदीत किंवा कचरागाडीत टाकू नयेत. माझी पहिली मूर्ती, खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या महालक्ष्मी यात्रेत घेतलेला चॅप्लिनच्या आकाराचा प्लास्टरचा गल्ला, आईने असाच टाकायला काढला होता.

संग्रह करणाऱ्यांसाठी आपल्या हवेविषयी दोन गोष्टी. जुलै-ऑगस्टच्या झडीत कच्ची माती आणि कागदी लगदा ओल धरतात आणि त्यांवर बुरशी येते. माझी लगद्याची एक सुंदर तंजावरी नर्तकी मी २००५ च्या पावसात अशीच गमावली. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि उघडीप पडली की दारे तासभर उघडी ठेवावीत. प्लास्टिकच्या मूर्तींचे दुखणे उलटे आहे: ऊन लागले की लाल रंग आधी उडतो, आणि जुन्या पीव्हीसीतील मऊपणा आणणारे द्रव्य उष्णतेने बाहेर येऊन मूर्ती चिकट होते. अशी मूर्ती पॉलिथीनमध्ये बंद करून ठेवल्यास चिकटपणा वाढतो. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसून मोकळ्या हवेत, सावलीत ठेवावी.

ज्या मुलांविषयी मी हे पत्र लिहिले त्यांना यंदाही किल्ला करायचा आहे. त्यांनी कुमारजींची छायाचित्रे माझ्याकडून नेली आहेत आणि मांडीवरचा तानपुरा मातीत उभा कसा राहील यावर त्यांची चर्चा चालू आहे. तारेचा सांगाडा आतून घालावा असे मी सुचवले आहे. मागच्या वर्षीच्या आठ मूर्ती माझ्या कपाटात, कोरिंथियनच्या फुटबॉलपटूंच्या वरच्या फळीवर आहेत. वसुबारसेच्या संध्याकाळी मुले त्या परत न्यायला येणार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
शहापूर, बेळगाव